अंग केवढं आणि ताकद केवढी?

आधी एक सोपा प्रश्न. उंची तीन फूट, वजन सोळा किलो, असा एखादा गडी सहा फुटी पैलवानाला आखाड्यात चितपट करू शकेल का? "काय राव, मेसच्या आमटीत आज काय पडलंय?" असं म्हणून लगेच पान उलटू नका. आमच्या मजल्यावर हा प्रश्न गेले तीन रविवार गाजतोय आणि त्यापायी दोन सख्खे रूम-पार्टनर एकमेकांशी बोलेनासे झालेत. मी पडलो मेकॅनिकलचा. "तू गणित मांड आणि काय ते एकदाचं सांग," म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. सबमिशनच्या आठवड्यात केलेलं गणित वाया जाऊ नये, म्हणून हा लेख.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी (आणि आमच्या खोलीतून रात्री अकरानंतर "मार त्याला!" असे आवाज का येतात हे कोडं ज्यांना पडलंय, त्या आदरणीय रेक्टरसरांसाठीही) थोडी ओळख. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. याला ना पट लागतो ना कॉम्प्युटर. कागद, पेन्सिल आणि पासे एवढ्यावर भागतं. एकजण गोष्ट सांगतो, त्याला 'डन्जन मास्टर' म्हणतात. आमच्याकडे सरळ 'मास्तर'. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. आपलं पात्र काय करतंय ते आपण तोंडी सांगायचं. ते जमलं की फसलं हे मात्र आपण ठरवायचं नाही. वीस बाजूंचा पासा टाकायचा, त्यात पात्राचे अंक मिळवायचे आणि बेरीज पुरेशी आली तर जमलं. थोडक्यात काय, तर लहानपणी आजी सांगायची तशी गोष्ट, फक्त राजपुत्र जिंकणार की नाही हे आजीच्या हातात नाही, पाशाच्या हातात!

या खेळाच्या आवृत्त्या बऱ्याच आहेत. तिसरी २००० साली आली, तिची दुरुस्त केलेली '३.५' २००३ साली, पाचवी २०१४ साली आणि पाचवीचीच सुधारित २०२४ साली. आम्ही अजून ३.५ खेळतो. एक तर तिच्या नियमांचा गाभा कायदेशीररीत्या फुकट मिळतो (हॉस्टेलवर राहणाऱ्याला यापेक्षा मोठं कारण लागत नाही), आणि दुसरं म्हणजे इंजिनिअरला आवडतील इतके तक्ते तिच्यात आहेत. भांडणही त्या तक्त्यांवरूनच झालं.

झालं असं, की आमच्यातल्या एका कराडकराला 'हाफलिंग' पैलवान करायचा होता. हाफलिंग म्हणजे तीन फुटी बुटक्या माणसांची जमात. हा गडी स्वतः पाच फूट दोन इंच. लहानपणी गावच्या तालमीत जोर-बैठका मारलेला, उंचीवरून कोणी बोललं की तापणारा. मास्तरानं पुस्तक काढलं आणि नियम वाचून दाखवला. हाफलिंगला ताकदीच्या आकड्यातून दोन वजा. झोंबाझोंबीत आणखी चार वजा. "म्हणजे माझ्या गड्यानं कुस्ती खेळायचीच नाही व्हय लका?" हा म्हणाला. त्यावर त्याचा सांगलीकर रूम-पार्टनर म्हणाला, "आरं मर्दा, सायन्स हाय ते. अंग ल्हान म्हंजे ताकद ल्हान." झालं! तेव्हापासून दोघं मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलावर.

तर मुद्दा असा, की ते खरंच सायन्स आहे का?

या खेळात प्रत्येक पात्राला 'स्ट्रेंग्थ' नावाचा एक आकडा असतो. साध्या माणसाचा १०. सुरुवातीला फाशांवर माणसाला जास्तीत जास्त १८ मिळतो. या आकड्याला पुढे ओझ्याचा तक्ता जोडलेला आहे. १० वाला जास्तीत जास्त १०० पौंड, म्हणजे ४५ किलो ओझं नेऊ शकतो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, म्हणजे ११० पौंड. ते खांद्यावर घेऊन जिना चढायला पुस्तकाप्रमाणे ११ ची स्ट्रेंग्थ हवी, कारण ११ वाल्याची मर्यादा ११५ पौंड आहे. मला हा आकडा पटतो. सिव्हिलच्या मित्रांनी साइटवर खात्री करून घ्यावी.

तक्त्याची गंमत पुढे आहे. १५ ला २०० पौंड, २० ला ४००, २५ ला ८००. दर पाच अंकांना ओझं दुप्पट! म्हणजे हा आकडा साधा नाही, डेसिबलसारखा आहे. दिसायला दहाने वाढतो आणि प्रत्यक्षात चौपट होतो. पण हाच आकडा मारामारीत वापरताना मात्र सरळ रेषेत चालतो. दर दोन अंकांना पाशात एक मिळवायचा. म्हणजे २० वाला १० वाल्याच्या चौपट ओझं उचलतो, पण तलवार मारताना त्याला फक्त पाच जास्त मिळतात. एकच आकडा दोन ठिकाणी दोन वेगळ्या मापांनी चालतो, हे डोक्यात ठेवा. बरीचशी भांडणं इथेच उगवतात.

दुसरी गोष्ट अंगाची. ३.५ मध्ये अंगाच्या पायऱ्या आहेत. 'स्मॉल' म्हणजे दोन ते चार फूट, ८ ते ६० पौंड. 'मिडियम' म्हणजे चार ते आठ फूट, ६० ते ५०० पौंड. तुम्ही-आम्ही सगळे यात. 'लार्ज' म्हणजे आठ ते सोळा फूट, ५०० ते ४००० पौंड. ओगर नावाचे राक्षस, घोडे वगैरे. त्यावर 'ह्यूज', सोळा टनांपर्यंत. आता हे आकडे एकाखाली एक लिहून बघा. प्रत्येक पायरीला उंची दुप्पट आणि वजन साधारण आठपट. दोनाचा घन आठ! म्हणजे ज्याने हा तक्ता बनवला त्याला घनाचा नियम चांगला माहीत होता.

हा नियम आपण फर्स्ट इयरला शिकून विसरतो. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या शेवटच्या मोठ्या पुस्तकात तो मांडला. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तिचं वजन आठपट होतं, पण तिला तोलणाऱ्या खांबाचा छेद चौपटच होतो. म्हणजे खांबावरचा ताण दुप्पट. हाडाचं तेच आणि स्नायूचंही तेच, कारण स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदावर असतो, लांबीवर नसतो. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९२६ मध्ये एका छोट्या निबंधात हेच हिशेब करून दाखवले होते. गोष्टीतला साठ फुटी राक्षस माणसाच्या दहापट उंच, हजारपट वजनाचा, आणि हाडांचा छेद मात्र शंभरपट. पहिलं पाऊल टाकताच मांडीचं हाड मोडणार! (हे हाल्डेन १९५७ साली भारतात राहायला आले आणि पुढे भारतीय नागरिकही झाले. त्यांचा निबंध इंग्रजीत आहे, पण सोपा आहे; लायब्ररीत मिळाला तर सोडू नका.)

आता दोन्ही तक्ते एकत्र आणू. खरा खेळ इथे आहे.

मिडियम माणूस दुप्पट उंच होऊन लार्ज झाला, तर त्याची ताकद किती व्हायला हवी? छेद चौपट, म्हणून ताकद चौपट. पुस्तक काय करतं? पुस्तक दोन वेगळ्या खिडक्यांतून ताकद देतं. एक, अंग लार्ज म्हणून ओझ्याचा आकडा सरळ दुप्पट. दोन, स्ट्रेंग्थच्या आकड्यातच वाढ. पहिल्या खिडकीतून दुप्पट मिळालेच आहेत, म्हणजे चौपट होण्यासाठी दुसऱ्या खिडकीतून आणखी एकदा दुप्पट हवेत. आणि दुप्पट म्हणजे स्ट्रेंग्थमध्ये पाच. म्हणजे गॅलिलिओला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं: अधिक पाच द्या, विषय संपवा.

पुस्तकात अधिक पाच कुठेच नाही! राक्षसांना मोठं करण्याचा जो तक्ता आहे त्यात मिडियमचा लार्ज होताना अधिक आठ मिळतात. १० चे १८, १८ ला ३०० पौंड, लार्ज म्हणून दुप्पट, एकूण ६००. मुळातले १०० होते. सहापट! आणि माणसाला मोठं करणारा 'एन्लार्ज पर्सन' नावाचा मंत्र आहे, त्यात उंची दुप्पट, वजन आठपट (हे पुस्तकात स्पष्ट लिहिलंय) आणि स्ट्रेंग्थ अधिक फक्त दोन. १२ ला १३० पौंड, दुप्पट २६०. म्हणजे २.६ पट. उडी तीच, मिडियमहून लार्ज. उत्तरं दोन, आणि चार कुठलंच नाही. एक वर, एक खाली.

याचं कारण माझ्या मते सायन्समध्ये शोधू नये. मंत्र हा अगदी पहिल्या पातळीचा, कोणताही शिकाऊ जादूगार मारू शकतो असा. त्याने चौपट ताकद दिली तर बाकीचे मंत्र कोण शिकेल? राक्षस मात्र भयंकर वाटला पाहिजे, नाहीतर गोष्टीत मजा नाही. म्हणजे अंगाचा तक्ता भूमितीने बनवला आणि ताकदीचा तक्ता खेळ रंगावा म्हणून. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. भांडण होतं ते एकाला दुसऱ्याचं कपडे घालून 'सायन्स' म्हणून पुढे केलं की.

बरं, आता हाफलिंगकडे येऊ. सरासरी हाफलिंग पुस्तकाप्रमाणे ३५ पौंडांचा आणि सरासरी माणूस १७५ पौंडांचा. वजन पाचवा हिस्सा. वजनावरून छेद काढायचा तर दोन-तृतीयांश घात घ्यायचा, कॅल्क्युलेटरवर ०.३४ येतं. माणूस १०० पौंड नेतो, तर हाफलिंगने ३४ पौंड न्यावं. पुस्तक त्याला किती देतं? स्ट्रेंग्थ दोन वजा करून ८, त्याला ८० पौंड, स्मॉल अंग म्हणून पाऊण, म्हणजे ६० पौंड. जवळजवळ दुप्पट! म्हणजे सांगलीकराचं 'सायन्स' खरं मानलं तर हाफलिंगला पुस्तकापेक्षाही कमी मिळायला हवं होतं. कराडकर इथे थोडा हिरमुसला. पण थांबा. ३५ पौंडांचा जीव ३४ पौंड नेतो, म्हणजे स्वतःच्या वजनाइतकं. १७५ पौंडांचा माणूस १०० नेतो, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून थोडं जास्त. अंगाच्या मानाने बघितलं तर लहानाची ताकद जास्तच. मुंगी साखरेचा दाणा ओढते ती काही व्यायाम करत नाही. ते सगळं याच नियमाचं पुण्य आहे.

म्हणजे 'लहान अंग, लहान ताकद' हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं सांगलीकराच्या गावातच होतं. ते मला गणितापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगमध्ये रौप्यपदक घेतलं, हे सगळ्यांना आठवत असेल. वडिलांचं पान-चहाचं दुकान, गट ५५ किलोचा. त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलले, एकूण २४८. मलेशियाच्या लिफ्टरचे २४९ झाले आणि सोनं एका किलोने गेलं. आता आमचं पुस्तक उघडा. नियम असा, की पात्र आपल्या कमाल ओझ्याइतकं वजन डोक्यावर उचलू शकतं. १३५ किलो म्हणजे २९८ पौंड. १७ च्या स्ट्रेंग्थला मर्यादा २६०. १८ ला ३००. म्हणजे संकेत सरगर बरोबर १८! सुरुवातीच्या माणसाला फाशांवर मिळू शकणारा सगळ्यात मोठा आकडा, तोही ५५ किलोच्या अंगात. हे गणित मी मजल्यावर वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात आधी सांगलीकराच्या!

आता त्याच्यावर तो मंत्र मारू. वजन ५५ चे ४४० किलो. स्ट्रेंग्थ १८ ची २०, ४०० पौंड, दुप्पट ८००, म्हणजे ३६३ किलो. आधी हा गडी स्वतःच्या जवळजवळ अडीचपट वजन डोक्यावर नेत होता. आता त्याला स्वतःइतकंही वजन पेलत नाही. गॅलिलिओच्या हिशेबानेही प्रमाण घटतंच, पण ५४० किलोपर्यंत तरी गेला असता. म्हणजे पुस्तकातला मंत्र माणसाला मोठा करतो आणि अंगाच्या मानाने चक्क अशक्त करतो. आमच्या जादूगाराला हे कळल्यापासून त्याने तो मंत्र मारणं कमी केलंय.

मिडियमच्या एका पायरीत ६० ते ५०० पौंड, म्हणजे २७ ते २२७ किलो, सगळे येतात हे मघाशी सांगितलं. या पायरीच्या आत वजनाला काहीही किंमत नाही. ५५ किलोवाला आणि १२५ किलोवाला, दोघांची स्ट्रेंग्थ १८ तर दोघं अगदी सारखे. प्रत्यक्षात तसं नसतं. १९५६ मध्ये लीट्झके नावाच्या संशोधकाने वेटलिफ्टिंगचे विक्रम मांडून दाखवलं होतं, की उचललेलं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश घाताने वाढतं. पुन्हा तोच छेद! मात्र खूप जड माणसांत तेवढंही वाढत नाही. ५५ किलो गटात उत्तर कोरियाच्या ओम युन-चोलने २०१९ मध्ये एकूण २९४ किलो उचलले. जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे, वजन १७० किलोंच्या वर, त्याने २०२१ मध्ये ४९२. अंग तिपटीहून जास्त, ताकद पावणेदोनपटही नाही.

मग कुस्तीत काय करायचं? खऱ्या कुस्तीने यावर उत्तर काढलं ते वजनगटाचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलला आठ गट होते, ५२ किलोपासून ८७ च्या पुढेपर्यंत. त्यातल्या ५७ किलो गटात कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये ते ५२ किलोच्या गटात सहावे आले होते. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव म्हणून सांगतात. आता विचार करा, गटच नसते तर? आपल्याकडे महाराष्ट्र केसरी किताबाची लढत ८६ ते १२५ किलोच्या गटात होते. ५७ किलोचे खाशाबा त्या गटात उतरूच शकले नसते. जो नियम एका ठिकाणी लहान अंगाला संधी देतो तोच दुसऱ्या ठिकाणी दार लावतो, आणि दोन्ही ठिकाणी तो अन्यायासाठी केलेला नसतो. जत्रेच्या मैदानात तर काटाच नसतो. वस्ताद मंडळी अंग आणि तयारी नजरेनं जोखून जोड लावतात. आमचा मास्तर खरं म्हणजे त्या वस्तादाच्या जागी बसलेला असतो. फक्त त्याच्या हातात पुस्तक असतं आणि मागे ओरडणारी पब्लिक चारच जणांची.

३.५ मधल्या झोंबाझोंबीला 'ग्रॅपल' म्हणतात. दोघांनी पासा टाकायचा, त्यात तीन गोष्टी मिळवायच्या: लढायचा सराव, स्ट्रेंग्थचा फायदा आणि अंगाचा आकडा. स्मॉल असेल तर वजा चार, मिडियमला शून्य, लार्जला अधिक चार. हाफलिंगला स्ट्रेंग्थमध्ये एकदा कापलं, त्याचं अंग लहान म्हणून. मग ग्रॅपलमध्ये परत कापलं, त्याचं अंग लहान म्हणून! डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी दोनदा लावला तर सर वहीवर लाल रेघ मारतात. इथे छापील पुस्तकात तेच आहे.

आता निकाल बघा. चौथ्या पातळीचा माणूस, योद्धा, स्ट्रेंग्थ १८. सरावाचे चार, ताकदीचे चार, एकूण आठ. चौथ्याच पातळीचा हाफलिंग, पाशात १८ पडूनही स्ट्रेंग्थ १६. चार, तीन, वजा चार, एकूण तीन. फरक पाचाचा. वीस गुणिले वीस, चारशे शक्यता मोजल्या तर हाफलिंग १०५ वेळा जिंकतो. म्हणजे शंभरात २६. आता त्याची स्ट्रेंग्थमधली वजाबाकी काढून टाकली आणि त्याला पूर्ण १८ दिले तर? शंभरात ३०. बस्स! ज्या दोन अंकांसाठी दोन मित्रांनी तीन रविवार अबोला धरला, त्यांची किंमत शंभर कुस्त्यांत चार कुस्त्या. खरी भिंत अंगाच्या वजा चारची आहे. आणि त्या भिंतीबद्दल कराडकराची तक्रार नव्हतीच. तो म्हणाला, "आडदांड गडी अंगावर पडला तर मी पण दबनारच की. पन कागदावर माज्या गड्याची ताकद कमी का लिवायची?" मला यात दम वाटतो. वजा चार हे अंगाबद्दलचं विधान आहे, ते मोजता येतं. वजा दोन हे त्या विशिष्ट गड्याच्या मेहनतीवर आधीच मारलेली फुली आहे.

आणि मेहनतीचं खातंही पुस्तकात आहे बरं का! सरावाचा आकडा पातळीबरोबर वाढतो. तोच स्ट्रेंग्थ १६ चा हाफलिंग दहाव्या पातळीला पोचला की त्याची बेरीज नऊ होते, आणि चौथ्या पातळीच्या माणसाला तो शंभरात ५७ वेळा चीत करतो. तेव्हा लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे, फक्त तालीम जास्त करावी लागेल.

सरासरीचं कुंपण करण्याची ही सवय या खेळात जुनीच. १९७८ सालच्या नियमपुस्तकात तर चक्क कमाल मर्यादा होत्या. हाफलिंग पुरुष असेल तर स्ट्रेंग्थ १७ च्या वर जायची नाही, बाई असेल तर १४. माणसांतही योद्ध्याला १८ पडले की वर टक्केवारीचा पासा टाकायचा. पुरुषाला १०० पर्यंत मुभा, बाईला ५० वरच थांबायचं. आमच्या गटात लेडीज हॉस्टेलच्या दोघी खेळतात. त्यातली एक, मिरजेची, हे ऐकून म्हणाली, "बरं झालं आम्ही ती आवृत्ती खेळत नाही, नाहीतर मास्तरालाच आधी आखाड्यात घेतलं असतं." सांगलीतच मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने किताब घेतला, हे तिने वर ऐकवलं. मास्तर गप्प. स्त्रियांची ती मर्यादा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. २००० साली जमातींच्या मर्यादा गेल्या, अधिक-उणे मात्र राहिले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हाफलिंगचं उणेही गेलं, आणि स्मॉल-मिडियम दोघांना सारखंच ओझं. जड शस्त्र मात्र स्मॉलला नीट चालवता यायचं नाही. २०२४ मध्ये तेही बदललं. आता अंग विचारत नाहीत, स्ट्रेंग्थ १३ आहे का एवढंच विचारतात. पन्नास वर्षांत नियम असा हळूहळू अंगाकडून आकड्याकडे सरकलाय. सरकता सरकता भूमिती थोडी जास्तच सोडली, असं मला वाटतं. तीन फुटी माणसाने सहा फुटी कुऱ्हाड फिरवली तर कुऱ्हाड त्याला फिरवेल, मग स्ट्रेंग्थ कितीही असो! पण चूक करायचीच तर या बाजूला झालेली बरी.

असो. आमच्या टेबलापुरतं आम्ही ठरवून टाकलं. जमातीवरून स्ट्रेंग्थ कापायची नाही. ग्रॅपलचे अंगाचे आकडे आहेत तसे ठेवायचे. आणि मंत्राने मोठं केलेल्या माणसाला अधिक दोनऐवजी अधिक पाच, म्हणजे गॅलिलिओच्या आत्म्याला शांती. पण तो मंत्र आता पहिल्या नव्हे, तिसऱ्या पातळीचा धरायचा. मास्तरानं कुरकुर करत सही केली. सहीचा कागद रूमच्या दाराला आतून चिकटवलाय. कराडकराच्या हाफलिंगच्या कागदावर आता निळ्या शाईत ठसठशीत १८ आहे, आणि परवा त्याने एका ओगरला घातलेली मिठी अडीच फेऱ्या टिकली. मग ओगरने त्याला झाडावर फेकला, तो भाग वेगळा.

एक हिशेब मात्र अजून अडलाय. पुस्तक म्हणतं, स्मॉल माणसाचं चिलखत निम्म्या वजनाचं. पण उंची निम्मी झाली तर पत्र्याचं क्षेत्रफळ पाव होतं. पत्र्याची जाडी तीच ठेवली तर वजन पाव यायला हवं, आणि जाडीही निम्मी केली तर अष्टमांश. मग निम्मं कुठून आलं? सांगलीकर म्हणतो की हाफलिंग दुप्पट जाड पत्रा वापरत असणार. कराडकर म्हणतो, शिंप्याने कापड मारलंय. कोणी प्रॉडक्शनवाला शीट मेटलच्या प्रॅक्टिकलमधून वेळ काढून आला तर रविवारी दुपारी जेवणानंतर आम्ही दुसऱ्या मजल्यावर असतो. पासे आमच्याकडे आहेत, पेन्सिल आपली आणावी.